घरी १.२, गडावर ३: डोंगरमाथ्यावर एसडब्ल्यूआर का चढतो आणि तिथेच कसा उतरवायचा

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची ही तक्रार नेहमीची आहे. अंगणात अँटेनाची तार बांधून तपासली तेव्हा ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारं गुणोत्तर; १ म्हणजे काहीच नाही) १.२ होता. तीच तार, तोच ट्रान्सफॉर्मर आणि तीच रिग (रेडिओ संच) घेऊन बेळगावजवळच्या राजहंसगडावर, वैजनाथच्या डोंगरावर किंवा चंदगडकडच्या महिपाळगडावर गेलं की मीटर ३ दाखवतो आणि रिग आपली पॉवर आपणच उतरवते. मग अँटेना रिगशी जुळवून देणारा ट्यूनर लावला जातो. मीटर १.१ वर येतो, पण पुण्या-बंगळुरूहून उत्तर काही येत नाही.

इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरली जाणारी मांडणी गृहीत धरली आहे: साधारण २० मीटर लांबीची, एका टोकाने फीड केलेली अर्ध्या तरंगलांबीची तार, तारेचा मोठा रोध रिगच्या ५० ओहमशी जुळवणारा ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर, त्यातून रिगपर्यंत जाणारी ५ ते १० मीटर केबल म्हणजे कोअ‍ॅक्स, ५ ते २० वॉटची रिग आणि ६-७ मीटरचा फायबरग्लासचा खांब किंवा कळक. डायपोलवाल्यांसाठी (मधोमध फीड केलेली, दोन पायांची तार वापरणाऱ्यांसाठी) शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलं आहे.

आधी एक हिशोब. एसडब्ल्यूआर २ म्हणजे ११ टक्के पॉवर परत, ३ म्हणजे २५ टक्के. म्हणजे ३ वर सुद्धा पाऊण पॉवर पुढे जाते. संपर्क बहुधा त्यामुळे अडत नाही. तो अडतो रिगने घाबरून पॉवर कमी केल्यामुळे, किंवा ज्या बिघाडाने एसडब्ल्यूआर चढवला त्याच बिघाडाने पॉवर खाल्ल्यामुळे. म्हणून ३ या आकड्याकडे बघत बसण्यात अर्थ नाही. डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर सगळ्यात खाली उतरतो ती जागा, कुठे आहे आणि तो कसा वागतो, हे बघायचं.

नॅनोव्हीएनए (फ्रिक्वेन्सीनुसार एसडब्ल्यूआरचा आलेख दाखवणारं छोटं यंत्र) असेल तर ६ ते ८ मेगाहर्ट्झ असा पट्टा लावून, घरूनच ओपन-शॉर्ट-लोड कॅलिब्रेशन करून ते सेव्ह करून न्या. माथ्यावर ऐन उन्हात तो छोटा पडदा दिसत नाही, त्यामुळे टोपीची किंवा सॅकची सावली लागते. व्हीएनए नसेल तर रिगची पॉवर सगळ्यात कमी ठेवून ७.०००, ७.०५०, ७.१००, ७.१५० आणि ७.२०० या पाच ठिकाणी एसडब्ल्यूआर लिहून घ्या. आपला ४० मीटरचा पट्टा तेवढाच आहे. पाच आकडे उतरत गेले की चढत गेले, एवढ्यावरून डिप कोणत्या बाजूला पळाला ते कळतं.

त्यानंतर चारपैकी एक चित्र समोर येतं.

डिप आहे, पण सरकला आहे

सगळ्यात जास्त वेळा हेच असतं. डिप खोल आहे, १.३ पर्यंत उतरतो, पण ७.१ ऐवजी ६.९५ वर बसला आहे. तारेत काही बिघडलेलं नाही. तार जमिनीजवळ आली, ओली झाली किंवा तिचा आकार बदलला, इतकंच.

घरी गच्चीच्या कठड्यापासून समोरच्या नारळापर्यंत बांधलेली तार चांगली आठ मीटर उंचीवर होती. गडावर ती खांबाच्या टोकावरून उतरून शेवटी तटबंदीच्या दगडावर दीड मीटरवर येते. तारेच्या टोकाला व्होल्टेज सर्वात जास्त असतं. ते टोक जमिनीजवळ, भिंतीजवळ किंवा ओल्या कारवीत गेलं की जमिनीशी कपॅसिटन्स वाढतो आणि तार विजेच्या दृष्टीने लांब होते. डिप खाली येतो. अशा मांडणीत १०० किलोहर्ट्झने खाली येणं नवल नाही. त्यात पीव्हीसी आवरणाची तार धुक्यात किंवा पावसात भिजली तर आणखी वीस-पन्नास किलोहर्ट्झ सहज जातात. कणकुंबी-चोर्ल्याकडच्या जांभ्याच्या सड्यावर मे महिन्यातली कोरडीठाक जमीन आणि जुलैत पाणी साचलेली जमीन ही रेडिओच्या नजरेने दोन वेगळी ठिकाणं आहेत. मे मधलं ट्यूनिंग जुलैत जसंच्या तसं चालेल ही अपेक्षाच ठेवू नये.

उपाय करताना हा हिशोब लक्षात ठेवा. ४० मीटरवर सुमारे २० मीटर तारेत १०० किलोहर्ट्झ म्हणजे २८ सेंटिमीटर. डिप १५० किलोहर्ट्झ खाली असेल तर ४२ सेंटिमीटर जास्तीचे आहेत. पण पक्कड काढू नका. गडावर तार कापणारा पुढच्या वेळी कोरड्या माळावर तोकडी तार घेऊन बसतो. टोकाकडची तार उलटी दुमडून स्वतःवरच घट्ट पीळ द्या आणि चिकटपट्टी लावा. आवरण असलेली तार दुमडल्यावर कापल्याइतका पूर्ण परिणाम होत नाही, म्हणून हिशोबापेक्षा थोडी जास्त दुमडावी लागते. सैल लोंबणारं शेपूट ठेवलं तर परिणाम अर्धवट होतो.

नवीन तार करत असाल तर सुरुवातीलाच २०.५ मीटर घ्या. सूत्र १४२.५ भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे ७.१ साठी उघडी तार २०.०७ मीटर येते. पीव्हीसी आवरणाची तार त्याहून ३ ते ५ टक्के आखूड लागते. तरीही जास्तीची लांबी टोकाला दुमडूनच ठेवावी आणि दुमडीच्या जागी मार्करने खुणा कराव्यात: एक कोरड्या दिवसासाठी, एक भिजलेल्या तारेसाठी, एक टोक खाली असलेल्या मांडणीसाठी. तीन खुणा झाल्या की मीटर न लावताही तार जवळपास जागेवर बसते.

याच तारेवर २० मीटरचा पट्टा (१४ मेगाहर्ट्झ) चालवताना एक गोष्ट गोंधळात टाकते. २० चा डिप ४० च्या बरोबर दुप्पट येत नाही, थोडा वर येतो. टोकांचा परिणाम तारेच्या दोन टोकांनाच होतो, मधल्या भागाला होत नाही, म्हणून हे होतं. ४० वर ७.१ ला नेमका बसवलात तर २० वरचा डिप पट्ट्याच्या वरच्या टोकाला किंवा त्याच्याही पलीकडे जाऊ शकतो. दोन्ही हवे असतील तर ४० चा डिप मुद्दाम ७.०२ ते ७.०५ वर ठेवा. दोन्हीकडे २ च्या आत मिळालं तर माथ्यावर त्याहून जास्त मागू नये.

डिप आहे, पण उथळ आहे

जागेवर आहे, पण २.२ च्या खाली उतरतच नाही. इथे लांबी बदलून काही होणार नाही.

पहिली शंका ट्रान्सफॉर्मरच्या डबीवर घ्या. डबी ओल्या खडकावर किंवा गवतात टेकवलेली असते. ती निदान मीटरभर वर टांगा. दुसरी शंका काउंटरपॉइजवर. एका टोकाने फीड केलेल्या तारेला परतीचा रस्ता लागतोच. तो दिला नाही तर कोअ‍ॅक्सची जाळी, म्हणजे तिचा बाहेरचा वाहक पदर, तो रस्ता होते. ४० मीटरसाठी साधारण २ मीटरची एक तार डबीच्या जाळीच्या बाजूला जोडा आणि जमिनीवर सोडा. इतकी पुरते. दहा मीटरची घालून फायदा होत नाही.

तिसरी शंका ट्रान्सफॉर्मरच्या कोअरवर (ज्यावर वेढे देतात त्या फेराइटच्या कड्यावर), आणि ही घरीच फेडायची. ४९:१ साठी एफटी १४०-४३ कोअरवर प्रायमरी २ आणि सेकंडरी १४ वेढे, प्रायमरीवर १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक किंवा मायका कपॅसिटर, हे २० वॉटपर्यंत बोलण्यासाठी ठीक आहे. पण रिपेअरिंगच्या दुकानातून आणलेला, संगणकाच्या पॉवर सप्लायमधला पिवळा-पांढरा रंगवलेला गोल कोअर तसाच दिसतो आणि तसाच हातात बसतो. तो आयर्न पावडरचा असतो, या कामाला निरुपयोगी. तपासणी सोपी आहे: सेकंडरीवर २.२ किलोओहम आणि २७० ओहम सिरीजमध्ये, म्हणजे २.४७ किलोओहम, लावा आणि प्रायमरीकडून व्हीएनएने बघा. ७ ते २१ मेगाहर्ट्झमध्ये १.५ च्या आसपास किंवा कमी आला तर ट्रान्सफॉर्मर बरा. हे रेझिस्टर पाव वॉटचे चालतात, पण व्हीएनएबरोबरच. रिग लावून कळ दाबली तर जळतील.

डिपच नाही

सगळीकडे ५, ८, १० दाखवतो. हा तुटलेल्या किंवा शॉर्ट झालेल्या जोडाचा प्रकार. आता एकेक भाग वेगळा करायचा, रिगकडून तारेकडे.

कोअ‍ॅक्सच्या पलीकडच्या टोकाला डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी ५० ओहमचा रेझिस्टर, लावा. एसडब्ल्यूआर १.२ च्या आत आला तर कोअ‍ॅक्स आणि दोन्ही बीएनसी कनेक्टर निर्दोष. नाही आला तर कोअ‍ॅक्स हलवत बघा. आरजी-१७४ ची पातळ केबल कनेक्टरच्या मानेशी तुटते, कारण सॅकमध्ये ती तिथेच वाकते. मग डमी लोड काढून ट्रान्सफॉर्मर आणि २.४७ किलोओहम. तेही ठीक असेल तर दोष तारेत. पीव्हीसीच्या आत तांबं तुटतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दोन्ही टोकं मल्टीमीटरला लावून तार वितावितीने वाकवत गेलात की जागा सापडते. एकेरी जाड तारेपेक्षा ०.५ चौरस मिलिमीटरची पदरी तार घ्यावी ती याचसाठी.

इथे मायक्रोबिटेक्स ही रिग वापरणाऱ्यांनी जरा थांबावं. अशर फरहान यांच्या या रचनेत शेवटच्या टप्प्यात आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर आहेत आणि एसडब्ल्यूआर चढला म्हणून पॉवर उतरवणारी सोय नाही. तुटक्या तारेवर "जरा बघू" म्हणून दाबलेली कळ महागात पडते. या रिगसाठी रेझिस्टरचा एसडब्ल्यूआर ब्रिज बनवा: ५० ओहमच्या तीन भुजा, चौथी भुजा अँटेना, मध्ये डायोड आणि एलईडी. प्रत्येक भुजेसाठी २०० ओहम २ वॉटचे चार रेझिस्टर समांतर, मेटल फिल्मचे. वायरवाउंड नकोत, त्यांच्यात इंडक्टन्स असतो. अँटेना पूर्ण तुटलेली असो वा शॉर्ट, ट्यून स्थितीत रिगला २:१ पेक्षा वाईट काही दिसत नाही. एलईडी विझेल तिथे डिप. १० वॉटवर सलग पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका आणि बोलण्याआधी स्विच बायपासला टाका.

याच्या उलट, ३ ते ३० मेगाहर्ट्झ सगळीकडे १.३ दाखवणारी अँटेना बघून खूश होऊ नये. कोअ‍ॅक्समध्ये पाणी गेलं की हे होतं. परतणारी पॉवर वाटेतच जिरते आणि मीटर खोटं समाधान देतो. चांगल्या आरजी-१७४ मध्येही ४० मीटरवर १० मीटरला जवळपास १ डेसिबल जातोच, २८ मेगाहर्ट्झला साधारण त्याच्या दुप्पट. पाच मीटरमध्ये भागत असेल तर दहा नेऊ नका.

डिप एका जागी राहत नाही

हे चित्र फसवं आहे, कारण दर वेळी वेगळं कारण दिसतं. चढउताराची वेळ नीट बघितली तर उत्तर मिळतं.

माइक हातात घेतला, रिगला हात लावला, कोअ‍ॅक्स इकडून तिकडे टाकली की मीटर हलतो? मग कोअ‍ॅक्सच्या बाहेरच्या बाजूने करंट वाहतोय. एक मीटर केबल वाढवून एसडब्ल्यूआर लक्षणीय बदलला तर खात्रीच धरा, कारण नीट वागणाऱ्या कोअ‍ॅक्सच्या लांबीने मीटरवर एवढा फरक पडत नाही. समोरचा "आवाज फाटतोय" म्हणतो, मोर्सचा कीअर आपोआप ठिपके मारतो, मोबाइलशी यूएसबीचा संपर्क तुटतो, ही सगळी त्याचीच भावंडं. तो करंट अडवणारा चोक लागतो: एफटी १४०-४३ किंवा ३१ मिश्रणाच्या मोठ्या कोअरवर त्याच आरजी-१७४ चे १० ते १२ वेढे. तो कुठे बसवायचा यावरच बहुतेकांचं चुकतं. काउंटरपॉइज जोडलेला नसेल तर डबीला चिकटून बसवू नका. तिथे बसवला तर परतीचा रस्ताच कापला जातो आणि एसडब्ल्यूआर आणखी बिघडतो. डबीपासून दोन मीटरवर बसवा. तेवढी कोअ‍ॅक्स काउंटरपॉइजचं काम करते. वेगळा काउंटरपॉइज असेल तर मात्र चोक डबीजवळ चालतो.

कळ दाबून ठेवली की एसडब्ल्यूआर हळूहळू १.३ वरून २ कडे चढतो आणि मिनिटभर थांबलं की पुन्हा खाली येतो? कोअर तापतोय. एफटी८ या डिजिटल पद्धतीत सलग पावणेतेरा सेकंद पूर्ण पॉवर जाते, बोलण्यात इतकी कधीच जात नाही. एफटी १४०-४३ वर २० वॉट बोलणं चालतं म्हणून २० वॉट एफटी८ चालेल असं नाही. पॉवर निम्मी करा किंवा दोन कोअर एकावर एक ठेवून गुंडाळा. हवाबंद प्लास्टिकच्या डबीत ठासून भरलेलं हॉट ग्लू उष्णता अडवतं, तेही काढा.

वाऱ्याबरोबर हलतो? मगरी क्लिप, डायपोलच्या लिंकचा जोड किंवा न आवळलेला स्क्रू बघा. जांभ्याच्या सड्यावर खुंटी आत जात नाही म्हणून खांबाचे ताण (आधाराच्या दोऱ्या) दगडाला बांधावे लागतात. दगड सरकला की खांब झुकतो आणि तारेचं टोक दर झुळकीला भिंतीजवळ जातं-येतं. तीन ताण, प्रत्येकी निदान पाच किलोचा धोंडा आणि दोरीला सरकफास, एवढ्याने भागतं.

धुकं आलं की चढतो? टोकाचं इन्सुलेशन बघा. १० वॉटवर सुमारे २,५०० ओहमच्या टोकाला जवळपास १६० व्होल्ट असतात. सुतळी भिजली की ती काही प्रमाणात वाहक होते. भिजलेला कळकही तसाच. तार कळकाला गुंडाळून वर नेली असेल तर ती त्याच्यापासून फूटभर लांब धरा, आणि टोकाला नायलॉन दोरीच्या आधी पीव्हीसी पाइपचा पाच सेंटिमीटरचा तुकडा भोकं पाडून इन्सुलेटर म्हणून घाला. खांब मासेमारीच्या गळाचा असेल तर तो फायबरग्लासचाच आहे ना, हेही तपासा. कार्बनचा खांब स्वतःच अँटेनाचा भाग होतो.

एसडब्ल्यूआर नसलेला एसडब्ल्यूआर

पॉवर पडली की सगळे तारेकडे बघतात. पण बॅटरीची वायर बारीक असेल तरी हेच दिसतं. २.५ अँपिअर घेणारी रिग, दोन मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर वायर. ०.७५ चौरस मिलिमीटरमध्ये पाव व्होल्ट पडतो. स्पीकरच्या ०.१३ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये सव्वा-दीड व्होल्ट. चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १३.२ व्होल्ट देत असताना रिगपाशी १२ च्या खाली जातं आणि आवाज थरथरतो. कळ दाबलेली असताना रिगच्या सॉकेटपाशी व्होल्ट मोजा, बॅटरीपाशी नव्हे.

मोबाइल टॉवर किंवा दुसरा ट्रान्समीटर जवळ असलेल्या माथ्यावर व्हीएनए खोटं बोलू शकतो. बाहेरचा जोरदार सिग्नल त्याच्या इनपुटमध्ये शिरतो आणि आलेख दातेरी होतो. अशा वेळी रिगच्या स्वतःच्या मीटरवर, कमी पॉवरवर भरवसा ठेवा.

डायपोलवाल्यांसाठी

लिंकवाल्या (पाय मधेच उघडून आखूड करता येणारा जोड असलेल्या) डायपोलमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि काउंटरपॉइजची कटकट नाही. वजन थोडं जास्त, पण माथ्यावर जागा असेल तर आमचं मत डायपोलच्या बाजूने आहे. ४० साठी प्रत्येक पाय १०.०४ मीटर, २० ची लिंक मध्यापासून ५.०२ मीटरवर, आवरणाच्या तारेला दोन्हींत ३ ते ५ टक्के कमी. इथे १०० किलोहर्ट्झ म्हणजे ४० वर प्रत्येक पायाला १४ सेंटिमीटर, आणि दोन्ही पाय सारखेच दुमडायचे. उलट्या व्ही चा (मध्य उंच आणि दोन्ही पाय उतरते अशा मांडणीचा) कोन ९० अंशांच्या आत आला की डिप सरकतो आणि उथळही होतो. राजहंसगडासारख्या आटोपशीर माथ्यावर पाय पसरायला जागा कमी पडते म्हणून लोक ते खाली ओढतात आणि हीच चूक होते. एक पाय तटाबाहेर उतारावर सोडा, दुसरा आत. सरळ रेषेत नसले तरी चालतात. २० वर जाताना दोन्ही लिंका उघडल्या का ते बघा. एक उघडी आणि एक बंद असेल तर डिप कुठेतरी मधेच भटकतो आणि माणूस अर्धा तास कोअ‍ॅक्स बदलत बसतो.

तार टाकण्याआधी आजूबाजूचं लोखंड बघा: ध्वजाचा खांब, रेलिंग, मंदिराची पत्र्याची शेड. तारेचं टोक त्यांच्यापासून तीन-चार मीटर तरी दूर असावं. महिपाळगडावर वस्ती आहे, विजेच्या तारा आहेत. त्यांच्या जवळपासही दोरी फेकू नये. खानापूरच्या बाजूचा भीमगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही. परवान्याची प्रत सगळीकडेच जवळ ठेवावी. काळी डबी, तारा आणि हेडफोन बघून प्रश्न विचारला जाणारच.

एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचे ढग घाटावरून चढतात तेव्हा पाऊस पडण्याआधीच स्पीकरमध्ये सूं असा चढता आवाज येतो आणि मीटर कारण नसताना नाचतो. तारेवर स्थिर विद्युत जमते आहे. दुरून गडगडाट ऐकू येत असेल तर तिथे ट्यूनिंग करत बसायचं नाही. कोअ‍ॅक्स रिगपासून सोडवा, खांब आडवा करा आणि माथ्यावरून खाली उतरा. डबीतला ट्रान्सफॉर्मर तार आणि जाळी यांना डीसीने जोडतो, पण जाळी जमिनीत कुठेच गेलेली नसते, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये.